मालन वहिनी आणि मिठाचा चहा

"चा तुंग! चा तुंग!"

किती वर्षं झाली, तरी तो आवाज कानात तसाच आहे. घोगरा, धुरात मुरलेला, पण शेवटाला लाडाचा एक बारीक हेल घेणारा. चहा घे, चहा घे. आमा असं म्हणायची तेव्हा तिच्या हातातली किटली आधीच तिरकी झालेली असायची. नको म्हणायला जागाच उरायची नाही.

"भाऊजी, काय म्हणते ही?" मालन वहिनींनी माझ्याकडे झुकून हळूच विचारलं.

"चहा घ्या म्हणते."

"चा म्हणजे चाच ना?"

"चाच."

"मग बरं." वहिनींनी दोन्ही हातांनी लाकडी पेला उचलला आणि चांगला मोठा घोट घेतला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. भुवया वर गेल्या, डोळे मोठे झाले, घोट गळ्यात क्षणभर अडला आणि मग खाली उतरला. ओठांवरचं हसू मात्र तसूभर हललं नाही.

ते हसू तसंच धरून त्या म्हणाल्या, "भाऊजी, हा चहा नव्हे. ही कढी आहे."

खरंच होतं. त्या चहात साखर नव्हती, मीठ होतं. दुधाच्या जागी याकच्या मादीचं पिवळंधमक लोणी होतं. उंच, निमुळत्या लाकडी नळकांड्यात आमा तो चहा दट्ट्यानं वर-खाली घुसळायची, तेव्हा त्यातून ताकाच्या डेऱ्यासारखा घुम्म घुम्म आवाज यायचा.

आम्ही बसलो होतो ते घर चीनच्या पश्चिम कडेला, सिचुआनमध्ये, कांगडिंगच्या पुढची मोठी खिंड ओलांडून गेलं की लागणाऱ्या एका तिबेटी खोऱ्यात होतं. दगडी भिंती, खिडक्यांना लाल-निळ्या चौकटी, माळवदावर वाळत घातलेला जव. दारापुढे पॉपलरची झाडं, ऑक्टोबरमुळे नखशिखांत हळदीची झालेली. पेमाचं हे माहेर, आणि आमा ही तिची आई. पेमा चेंगदूला आमच्या पंपांच्या कंपनीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. ऑक्टोबरच्या सुट्टीत ती घरी निघाली, तेव्हा तिनंच आग्रह धरला. "तुझी वहिनी एवढ्या लांबून आलीय आणि तू तिला इमारती काय दाखवतोस? माझ्या आईकडे चला."

इमारती दाखवून मी थकलोच होतो. चेंगदूत वहिनींना पांडासुद्धा दाखवला होता. त्याला बघून त्या म्हणाल्या होत्या, "गुबगुबीत आहे, पण तोंड धुतलेलं दिसत नाही."

वहिनी आजऱ्याहून आल्या होत्या. आजऱ्याच्या बाजारपेठेत आमची पिठाची गिरणी. आधी ती माझे थोरले बंधू, यशवंतदादा चालवायचे. मी इंजिनिअरिंगला असताना दादा तापाचं निमित्त होऊन गेले. तेराव्या दिवसानंतर गिरणीचं दार कोण उघडणार, असं घरात सगळे एकमेकांकडे बघत होते, तर वहिनी पदर खोचून गेल्या आणि त्यांनी पट्टा चढवला. त्या पिठावर माझं शिक्षण झालं. मी अर्ध्या चड्डीत होतो तेव्हा त्या लग्न होऊन आमच्या घरी आलेल्या. पहिल्या दिवसापासून मला 'अहो-जाहो' करायच्या. "भाऊजी, नाक पुसा." "भाऊजी, तुम्ही आज पुन्हा शाळा बुडवलीत?" एवढ्या आदरानं कान पिळलेला दुसरा मुलगा आजऱ्यात नसेल.

त्या येण्याच्या आधी आईचा फोन आला होता.

"जयवंता, एक ऐक. केसरकर सरांनी इचारलंय."

"काय विचारलंय?"

"तुझ्या वहिनीला. लग्नाचं."

केसरकर सर हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, मान खाली घालून चालणारा माणूस.

आई सांगत होती, "मला कवाधरनं वहिम होता. एकटा मानूस, आन् दर चार दिसाला दळण घिऊन येतोय. एवढं पीठ खातोय कवा? गल्लीतल्या कुत्र्यांस्नी चपात्या घालत असंल. आता परवा सरळ माझ्याम्होरंच इचारलं."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणतीय? मी आत गेले आन् देवाम्होरं साखर ठेवली."

"आणि वहिनी?"

"ती म्हणाली, चीनहून येते, मग सांगते. तू काढून घे तिच्याकडनं. तुला सोडून कुणाला सांगायची न्हाई ती." आई जरा थांबली. "माझे डोळे मिटायच्या आत तिचा संसार दिसू दे रे बाबा."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खिडकीपाशी उभा होतो. आनंद झाला होता का? झाला असावा. पण आनंदाच्या मागे दुसरंही काहीतरी उभं होतं, दाराआड मूल उभं राहतं तसं, आणि त्याला मी बाहेर ये म्हणत नव्हतो.

वहिनी येऊन आठवडा उलटला, तरी त्या विषयाला आमच्या दोघांपैकी कोणी हात लावला नव्हता. मी विचारायचो, "घरी सगळं ठीक?" त्या म्हणायच्या, "सगळं ठीक." मग दोघंही दुसरीकडे बघायचो.

तर तो चहा. वहिनींनी दोन घोटांत पेला रिकामा केला, कारण आमच्या घरात पानात टाकायची पद्धत नाही आणि पेल्यात ठेवायची तर नाहीच. पेला खाली ठेवायचा अवकाश, आमाची किटली तिरकी.

"चा तुंग!"

वहिनींनी तोही संपवला. आमाचा चेहरा उजळला. पुन्हा भरला. पुन्हा संपवला. माझाही तोच प्रकार चालला होता, पण मी पुरुषाच्या जातीचा आळशी, सावकाश पीत होतो. वहिनी मात्र पाहुणीचा धर्म म्हणून नेटानं पीत होत्या. थोड्या वेळानं किटली संपली, तशी आमा मोठ्या उमेदीनं उठली आणि नळकांड्यात नवीन लोण्याचा गोळा टाकून घुम्म घुम्म सुरू झाली.

"भाऊजी," वहिनींच्या कपाळावर बारीक घाम आला होता, "ह्या बाईला झालंय काय?"

मी पेमाला चिनी भाषेत विचारलं. पेमा ओठ चावून हसू दाबत होती. "आई म्हणतेय, इतक्या वर्षांत तिचा चहा इतका कुणालाच आवडला नव्हता."

"आम्हाला चहा थांबवायचा आहे, पेमा."

"मग पिऊ नका ना! आमच्याकडे पाहुण्याचा पेला रिकामा दिसला की भरायचाच. तो कुणी आपल्या हातानं भरत नाही, दुसऱ्यानं भरायचा असतो. पुरे झालं की भरलेला तसाच पुढ्यात ठेवायचा."

मी हे वहिनींना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांना देवळात चपला घालून जायला सांगितलं होतं.

"भरलेला ठेवून बसायचं? अन्न पुढ्यात ठेवून? शोभतं का ते?"

"इथे तेच शोभतं, वहिनी."

"तुम्ही ठेवा. मला नाही जमायचं." आणि त्यांनी निग्रहानं पुन्हा पेला तोंडाला लावला.

शेवटी पेमालाच दया आली. तिनं आईच्या हातून किटली काढून घेतली आणि जवाच्या पिठाचं कातडी पिशवीसारखं बोचकं पुढे केलं. भाजलेल्या जवाचं पीठ. त्सांपा. पेल्यात थोडा चहा राहू द्यायचा, त्यावर लोण्याचा लपका, त्यावर पीठ, आणि मग डाव्या हातानं पेला फिरवत उजव्या हाताच्या बोटांनी ते तिथंच मळायचं. मी सुरुवात केली आणि माझं पीठ माझ्या पँटवर, गालिच्यावर, पेमाच्या पायावर उडालं. आमा खो खो हसली. वहिनींनी मात्र आधी चिमूटभर पीठ अंगठा आणि बोटांमध्ये घेऊन चोळलं, गिरणीत गिऱ्हाईकाला दाखवताना चोळायच्या तसं. नाकाशी नेलं.

"हे तर आपलं सातूचं पीठ, भाऊजी! जरा जाडसर काढलंय. पण भाजणी बघा कशी खरपूस! करपण्याच्या अलीकडे अगदी एक श्वास थांबलेली."

आणि पेला फिरवत, एक कणही सांडू न देता, त्यांनी सुबक मुटका वळला. आमा मोठ्यानं "ओ! ओ!" करत गुडघ्यावर थाप मारायला लागली. तिनं याकच्या दुधाचं घट्ट कवडीचं दही पुढे ठेवलं, उकडलेले बटाटे ठेवले, तिखटाची लाल चटणी ठेवली. नवरात्र होतं म्हणून वहिनींना मांस चालणार नव्हतं. ते मी आधीच सांगून ठेवलं होतं, तरी आमा मांसाच्या भांड्याकडे आणि वहिनींकडे आळीपाळीनं हळहळून बघत होती. चटणी चाखून वहिनी म्हणाल्या, "चला, इथल्या बायकांना निदान तिखट तरी कळतं."

जेवणं झाल्यावर आमानं पेमाला काही विचारलं. पेमानं मला विचारलं. आमाचं बोलणं तिबेटीतून चिनीत आणि चिनीतून मराठीत यायचं, दोन वळणं घेऊन ओढा अंगणात यावा तसं. "आई विचारतेय, तुम्हाला दोघांना मधली खोली देऊ का? ती उबदार आहे. तिथं मोठी गोधडी आहे."

माझे कान गरम झाले. "पेमा, ह्या माझ्या वहिनी. थोरल्या भावाच्या पत्नी. तुला सांगितलं होतं मी."

"मला माहीत आहे. आईला नीट कळलं नसावं." पेमानं आईला सांगितलं. आमानं 'भाऊ कुठाय' असा हात केला. मी आकाशाकडे बोट दाखवलं. आमाचा चेहरा क्षणभर मऊ झाला, मग तिनं माझ्याकडे बघत पुन्हा एक लांबलचक प्रश्न विचारला. पेमा लाल झाली.

"आई म्हणते, मोठा गेला तर मग... तू का नाही? तिच्या आईच्या खोऱ्यात पूर्वी तसं असायचं."

"सांग तिला, आमच्यात तसं नसतं."

आमानं मान डोलावली, वाईट वाटून घेतलं नाही. नुसतं वहिनींकडे बघितलं आणि हळू आवाजात एकच वाक्य बोलली. पेमानं ते मला जसंच्या तसं सांगितलं. "मग घरी हिचा पेला कोण भरतं?"

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "काय म्हणते?"

"विचारते, घरी चहा कोण करतं."

"मीच की." वहिनी हसल्या. मग जराशानं म्हणाल्या, "ती बाई एवढं बोलली, ती पोरगी एवढं बोलली, आणि तुमच्या हाती येईस्तोवर एवढंसंच उरलं? मध्ये गळती आहे का कुठं?"

मला दिसत होती ती आमच्या आजऱ्याच्या घरातली सकाळ. आईचा चहा, माझा चहा, आलेल्या-गेलेल्याचा चहा, आणि सगळ्यात शेवटी पातेल्याच्या बुडाशी राहिलेला, गाळणं पिळून घेतलेला अर्धा कप. तो वहिनींचा. उभ्यानं प्यायलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर वहिनी माझ्या आधी उठून अंगणात पोचल्या होत्या. आमा चुलीवर मोठ्या कढईत वाळू तापवत होती. वाळू लालबुंद तापली की त्यात जव टाकायचा, फडफड फुटू द्यायचा, आणि सगळं चाळणीत ओतून वाळू खाली, जव वर. वहिनींनी चाळणी कधीच आमाच्या हातून घेतली होती. दोघींना एकमेकींच्या भाषेतलं एक अक्षर येत नव्हतं, पण चुलीपाशी त्यांचं सगळं ठरून गेलेलं दिसत होतं. आमा बोट वर करायची, वहिनी लाकूड मागे ओढायच्या. वहिनी "हं" म्हणायच्या, आमा कढई उतरवायची.

"नागपंचमीच्या लाह्यांसारखंच आहे की, भाऊजी! माझ्या माहेरी, उत्तूरला, वाळूतच भाजायचे." त्यांचे गाल उन्हानं आणि जाळानं तांबूस झाले होते. मी त्यांना इतकं मोकळं कधी पाहिलं होतं, ते आठवेना. चाळण हलवता हलवता त्या गुणगुणायला लागल्या. गिरणीत मोटारीच्या घरघरीतही त्या गुणगुणायच्या. आजीकडून ओव्या शिकलेल्या. जातं गेलं, तरी ओवी त्यांनी सोडली नव्हती.

सातूचं गं बाई पीठ, पिठाला वास गोड
परमुलखी भेटे मला, माहेराची गं ओढ

आमानं कढईतला झारा थांबवला, ऐकलं, आणि तिनंही काहीतरी म्हटलं. डोंगराच्या उतरणीवरून आवाज घरंगळत यावा तसा लांब सूर. वहिनींनी मान डोलावली, जणू सगळं कळलं, आणि पुढची ओवी टाकली.

दिराचं गं माझ्या घर, डोंगराच्या पलीकडं
भावजय आली भेटी, बर्फ झालं थोडं थोडं

"हे माझ्यावर काय?" मी विचारलं.

"मग काय त्या पांडावर?"

पेमा दारात येऊन बसली. ऊन पायरीवर आलं होतं. वहिनींनी आणखी एक ओवी धरली. ही मात्र खालच्या सुरात, स्वतःशीच, चाळणीकडे बघत.

मनातलं माझ्या मन, पिठात गेलं मिसळून
हातात गं चाळण, कसं काढू निवडून

आणि त्या थांबल्या. मी ऐकतोय हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मी विचारू शकलो असतो. विचारायची वेळ तीच होती. पण चाळण पुन्हा हलायला लागली, जवाचा खरपूस वास उठला, आणि ती वेळ वाऱ्यावर गेली.

पहिलं भाजणं उतरल्यावर आमानं चहा आणला. या वेळी वहिनी आपल्या हातानं ओतायला उठल्या, तर आमानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. ठाम, आई बसवते तशी. पेला भरला. मग ती स्वतः समोर बसली आणि बोलायला लागली. पेमा मला सांगत गेली, मी वहिनींना.

"आमा म्हणते, ती पण तरणी होती तेव्हाच तिचा नवरा गेला. पलीकडच्या खोऱ्यात घर होतं तिचं. पहिलं घर."

वहिनींनी पेला खाली ठेवला.

"मग या खोऱ्यातल्या एका माणसानं तिला मागणी घातली. पेमाचे वडील. आमाला यायचं होतं, पण तिकडं सासू होती. म्हातारी. आमा म्हणते, मी महिनोन् महिने तोंड उघडलं नाही. मी निघाले तर तिचं घर रिकामं होईल असं वाटायचं."

वहिनींची नजर आमावरून हलत नव्हती. त्यांची बोटं चाळणीच्या कडेवरून फिरत होती.

"मग?"

"मग म्हातारीलाच कळलं. कसं ते कुणाला ठाऊक. ती काही बोलली नाही. जायच्या दिवशी तिनं आमाचा पेला काठोकाठ भरला आणि चुलीजवळच्या तिच्या जागेवर ठेवला. आमा तो प्यायली नाही. आपल्या माणसाचा पेला भरलेला ठेवायचा, म्हणजे तो या घरचाच राहतो, अशी इथली रीत आहे. आमा म्हणते, ती म्हातारी जिवंत होती तोवर रोज सकाळी तो पेला नव्यानं भरायची. आमा मध्येच कधी भेटायला गेली तरी चहा गरम असायचा."

"रोज?" वहिनींनी विचारलं. "सासूनं?"

"रोज."

आमा अजून बोलत होती. हातानं घोडा दाखवत होती, पाठीवर काहीतरी बांधल्याचं दाखवत होती, आणि मग तिनं माझ्याकडे बोट केलं. पेमानं मला सांगितलं आणि मी चुलीकडे बघायला लागलो.

"काय?" वहिनी म्हणाल्या. "गळू देऊ नका हं काही."

काल रात्री जेवणानंतर मी एक वाक्य गिळलं होतं. आता दुसरं घशात होतं. गिळायला सोपं होतं. पेमाला मराठी येत नव्हतं, आमाला चिनी धड येत नव्हतं. सगळ्या घरात ते वाक्य पोचवणारा मी एकटाच.

मी म्हणालो, "आमा म्हणते... तिला या घरी पोचवायला तिचा दीर आला होता. धाकटा. तिचं चहाचं नळकांडं घोड्यावर बांधून, खिंड चढून, स्वतः चालत. वाटेत सगळीकडे तो रडत होता आणि तिला म्हणत होता, जोरात चाल, उशीर होतोय." मी पेमाकडे न बघता पुढे म्हणालो. "आणि काल रात्री तिनं चहा कोण करतं असं विचारलं नव्हतं, वहिनी. घरी तुमचा पेला कोण भरतं, असं विचारलं होतं."

वहिनींनी पेला उचलून दोन्ही हातांत धरला. पेल्याकडे बघत बसल्या. त्यातलं लोणी वर येऊन सोन्याच्या नाण्यांसारखं तरंगत होतं. आमानं "चा तुंग" म्हटलं नाही. पॉपलरचं एक पान फिरत फिरत येऊन तापल्या वाळूवर पडलं आणि चुरचुरलं.

मग वहिनी उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "दुसरं भाजणं घालायचं ना? वाळू थंड होईल."

निघायच्या सकाळी आमानं आमच्या गळ्यात पांढऱ्या रेशमाची खाता, म्हणजे मानाचा शेला, घातली. वहिनींनी वाकून तिच्या पायांना हात लावला, तशी आमा घाबरून मागे सरकली, मग तिनं वहिनींचं डोकं दोन्ही हातांत धरून आपलं कपाळ त्यांच्या कपाळाला टेकवलं. दोघी बराच वेळ तशा उभ्या होत्या. आमचे दोन्ही पेले चुलीजवळ भरून ठेवलेले होते. वाफ येत होती. वहिनी दारापर्यंत गेल्या, वळल्या आणि त्यांनी आपल्या पेल्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही बाई परत जाऊन संपवते. पण नाही.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "असू दे तिथं."

पेमा भावाची छोटी गाडी चालवत होती. वळणं घेत घेत आम्ही वर चढलो. येताना खिंडीत धुकं होतं आणि वहिनींचं डोकं दुखत होतं, डोळे मिटून बसल्या होत्या. आता सगळं आभाळ उघडं होतं. खिंडीच्या माथ्यावर हजारो पताका दोरांना बांधलेल्या, निळ्या, पांढऱ्या, लाल, हिरव्या, पिवळ्या. वाऱ्यात त्यांचा एकच फडफडाट चाललेला, जणू डोंगरानं कपडे वाळत घातलेत. पलीकडे बर्फाची शिखरं, एकामागे एक, जेवायला पंगत बसावी तशी.

पेमानं गाडी थांबवली आणि वहिनींच्या ओंजळीत घोड्यांची चित्रं छापलेले कागदाचे चौकोनी तुकडे दिले. "हे वर उधळायचे आणि ओरडायचं: ल्हा ग्यालो! देवांचा जय!"

मी ते मराठीत सांगितलं.

"म्हणजे आपलं चांगभलं," वहिनी म्हणाल्या.

"तसंच."

पेमा ओरडली. मी ओरडलो. वहिनींनी आधी इकडे-तिकडे बघितलं, कोणी बघत नाही ना म्हणून. आजऱ्यात त्या भाजीवाल्याशीसुद्धा आवाज चढवून बोलायच्या नाहीत. मग त्यांनी पाय रोवले, ओंजळ डोक्यावर नेली आणि छातीतला सगळा वारा एकवटून ओरडल्या, "जोतिबाच्या नावानं चांगभलं!"

कागद वर गेले. वाऱ्यानं ते घेतले, गरगर फिरवले आणि सगळे पांढरे घोडे एकदम शिखरांकडे पळत सुटले. वहिनी हसत होत्या. केस सुटले होते, खाता खांद्यावरून उडत होती. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि मला पहिल्यांदाच दिसत होतं, की ही बाई तरुण आहे. मी लहान होतो म्हणून मला ती नेहमी मोठी वाटली होती, इतकंच.

पेमा गाडीकडे गेली. आम्ही दोघंच राहिलो.

"भाऊजी."

"बोला, वहिनी."

"आत्याबाईंनी तुम्हाला फोन केला होता. मला ठाऊक आहे." आईला त्या आत्याबाई म्हणायच्या. "माझ्याकडनं काढून घ्या म्हणाल्या असतील."

"हो. पण मी..."

"थांबा. आता मी बोलते, नाहीतर खाली उतरेपर्यंत पुन्हा जमायचं नाही." त्यांनी उडणारी खाता दोन्ही हातांनी छातीशी धरली. माझ्याकडे नाही, शिखरांकडे बघत होत्या. "चीनहून येते मग सांगते, असं मी आत्याबाईंना म्हटलं, ते खरं नव्हतं. केसरकर सरांना मी हो म्हणून आलेय. निघायच्या आधीच, गिरणीच्या दारात. एवढंच म्हटलं त्यांना, की आधी माझ्या भाऊजींना सांगू द्या, मग गावाला. ते सांगायलाच आले मी इतक्या लांब. आठवडाभर रोज सकाळी ठरवायचे आणि रोज तुमचं तोंड बघून राहून जायचं."

त्या माझ्याकडे वळल्या. डोळ्यांत पाणी होतं, की वारा, कोण जाणे.

"मी सुखात आहे, भाऊजी. फक्त, तुम्ही मला वहिनी म्हणायचं सोडणार असाल, तर तेवढं इथंच सांगा."